दुसऱ्या प्लगवरची काळी रेघ

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, नऊ दिवसांवर आली होती आणि आम्ही बेळगावला निघालो होतो. गोव्यातल्या साखळीहून केरी आणि केरीहून चोर्ला घाट, हा रस्ता आमच्या रोजच्या ओळखीचा. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या मंडपीचं, सामान इथल्याच बाजारात घ्यायचं, पण कपडालत्ता बेळगावहून आणायचा, ही आईची जुनी पद्धत. अंजुणे धरण मागे पडलं, चढ लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीनं झटका दिला. दुसरा गिअर टाकून रेस दिली, तर स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. पिकअप गेलाच होता.

मी आमच्या वाड्यावरच्या आरतीत शामेळ नावाचं चर्मवाद्य वाजवतो. तालातला एक ठोका गळला की कानाला आधी कळतं. इंजिनाचं नेमकं तसंच चाललं होतं: दोन ठोके, मग रिकामी जागा. पुन्हा दोन ठोके, पुन्हा रिकामी जागा. तीन सिलिंडरचं इंजिन, त्यातला एक काम करत नव्हता. इतक्यात डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला, आणि लागून राहिला नाही, लुकलुकायला लागला.

हा फरक गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. दिवा नुसता लागून राहिला, तर सावकाश घरी जाऊन तपासता येतं. तो लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या नळीत जात असतं. तिथं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, आणि ते पेट्रोल त्याच्यात जाऊन जळायला लागलं की त्याची आतली जाळी वितळू शकते. सिलिंडरात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग शेकड्यांत येतो, कन्व्हर्टर हजारोंत. त्यामुळे चढावर गाडी रेटायची नाही हे मी तिथंच ठरवलं. रुंद जागा बघून गाडी वळवली आणि उतारावर रेस न देता केरीपर्यंत खाली आलो. आई मागच्या सीटवर गप्प होती. तिला बेळगावचं काही वाटत नव्हतं. गणपती चित्रशाळेतून याच गाडीतून आणायचा होता, तिला तो घोर लागला होता.

आमची गाडी २०१४ ची वॅगन आर, ९९८ सीसीची, ८४ हजार किलोमीटर झालेली. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, मिनिटभर आवाज ऐकला आणि म्हणाला, तिन्ही कॉइल गेल्यात, बदलून टाका. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, प्रत्येक सिलिंडरला एक; एकेक दीड हजारांच्या वर. एखादी कॉइल गेली असेलही, पण तिन्ही एकदम कशा जातील, आणि तिन्ही गेल्या असत्या तर गाडी तिथवर आलीच कशी, याचं उत्तर मला मिळालं नाही. मी पैसे न देता गाडी घरी आणली.

शेजारचे काका कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. बसच्या डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतोच, डिझेल आत दाबलेल्या तापलेल्या हवेनं पेटतं. पण काकांनी स्वतःची मारुती ८०० वीस वर्षं स्वतःच्या हातानं सांभाळली होती. त्यांना सगळं सांगितलं. ते पडवीत बसून ऐकत होते. म्हणाले, "रविवारी घरीच उघडूया. पण त्याआधी तू इंजिन साफ करून ठेव. त्या मातीत काय गळतं, कुठून गळतं, काही दिसायचं नाही. आणि कॉइल उपटलीस की वरची सगळी माती प्लगच्या होलात पडणार. प्लग काढलास की तीच सिलिंडरात."

मला हे काम चेहरा धुण्यासारखं वाटत आलं होतं, दिसायला बरं म्हणून करायचं. काकांच्या त्या दोन वाक्यांनी ते कामाच्या पहिल्या जागी आलं.

शनिवारी संध्याकाळी एक गोष्ट आधी केली. माझ्या भाच्याकडे ब्लूटूथचं छोटं स्कॅनर आहे, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं आणि मोबाइलवर वाचायचं. कोड आला पी०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरात मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नाही. कोड वहीत लिहून घेतला, कारण बॅटरीची वायर काढली की साठवलेला कोड पुसला जाऊ शकतो. तीन सिलिंडरांत दुसरा म्हणजे मधला, त्यामुळे कुठल्या बाजूनं मोजायचं हा प्रश्नच उरला नाही.

रविवारी सकाळी पावसानं उघडीप दिली. गाडी शेडमध्ये घेतली, बॉनेट उघडलं आणि पहिल्यांदा नीट बघितलं. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आमच्याकडची माती जांभ्याची. पावसाळ्यात ती चाकावरून उडते, पंख्यातून आत येते, तेलकट जागी बसते आणि उन्हाळ्यात भाजून घट्ट होते. इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, पुढच्या बाजूला बोटभर लाल थर होता. काचेखालच्या जाळीत आंब्याची आणि फणसाची पानं कुजून त्यांचा काळा लगदा झाला होता, पाणी जायची वाटच बंद. आणि बॅटरीच्या मागे उंदराचं घर: नारळाच्या काथ्याचे धागे, कागदाचे कपटे, बॉनेटच्या अस्तराचा कापूस. दोन वायरींची वरची साल कुरतडलेली होती, आतली तार शाबूत. तिथं टेप गुंडाळली. उंदरानं जरा आणखी जोर केला असता तर बिघाड शोधायला आठवडा गेला असता.

लोक इंजिनावर डिझेल नाहीतर रॉकेल फवारतात. मला ते पटत नाही. रबराचे पाइप त्यानं फुगतात, मागे तेलकटपणा राहतो आणि त्यावर धूळ दुप्पट बसते. तापलेल्या एक्झॉस्टवर रॉकेल राहिलं तर आग लागायची भीती वेगळीच. प्रेशरच्या पाण्याचंही तेच. जोराचं पाणी वायरी जोडणाऱ्या कप्लरमध्ये, अल्टरनेटरमध्ये, कॉइलच्या रबराखाली घुसतं आणि जी गाडी नीट चालत होती तीही मिसिंग मारायला लागते. शिवाय आमची विहीर शेडपासून पंधरा पावलांवर आहे. श्रावणात तिचं पाणी हातभर दोरीवर असतं. त्या जमिनीवर तेलाचं पाणी सोडायचं नाही, हे आईनं सांगायच्या आधीच माझं ठरलं होतं.

म्हणून पाइप लावलाच नाही. सुरुवात बॅटरीपासून केली. आधी काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, मग लाल. उलट केलं आणि पाना लाल टोकावर असताना बॉडीला लागला तर ठिणगी उडते; निगेटिव्ह आधी सोडलेली असली की पाना बॉडीला लागला तरी धोका नाही. टोकांवर पांढरा-हिरवट क्षार साचला होता. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशनं घासला, तो फसफसून निघाला. कोरडं पुसून व्हॅसलीन लावून ठेवलं.

अल्टरनेटर, फ्यूजचा डबा आणि एअर फिल्टरचं तोंड दुधाच्या पिशव्यांनी बांधलं. भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी स्प्रेच्या बाटलीत भरलं. जुना टूथब्रश, रंगाचा अर्ध्या इंचाचा ब्रश आणि माडाचे हीर, म्हणजे झावळीच्या पात्यांच्या काड्या. हीर हे या कामातलं खरं हत्यार निघालं. त्याच्या टोकाला चिंधी गुंडाळली की ज्या फटीत बोट जात नाही तिथं तो वळतो, आणि काहीच ओरखडत नाही. थोडं शिंपडायचं, घासायचं, लगेच फडक्यानं टिपायचं. जिथं ग्रीस आणि माती एकजीव झाली होती तिथं तेवढ्यापुरता डीग्रीझर. दोन तास गेले. भाचा टॉर्चचा उजेड धरून उभा होता. तो म्हणाला, "मामा, तू इंजिन साफ करतोस की मूर्ती?" मी म्हटलं, फडकं बदलून दे. तेलकट फडकी आणि गाळ पत्र्याच्या डब्यात जमा केला. तो नंतर गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलाच्या पिंपात गेला.

लाल थर निघाल्यावर हेडचं ॲल्युमिनियम दिसायला लागलं, आणि त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, जिथं हेडवर बसतं त्या सांध्यावर, मधल्या कॉइलच्या शेजारी, ताजं ओलं तेल. बोट लावलं तर बोटाला लागलं. मातीच्या थराखाली ते कधीच दिसलं नसतं. काका चष्मा वर करून जवळ आले आणि म्हणाले, "सांध्यातलं रबरी पॅकिंग गेलंय. आता मधली कॉइल काढ."

आड येणारा हवेचा पाइप काढला. प्रत्येक कॉइल एकेका दहा नंबरच्या बोल्टवर बसलेली, आणि तिला वायरीचा एक कप्लर. कप्लरचं लॉक दाबून ओढायचं असतं. इतकी वर्षं उष्णता खाऊन ते प्लॅस्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं, त्यामुळे स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नये. पहिल्याचं लॉक माझ्या हातून तुटलं. तो कप्लर पुन्हा बसवल्यावर केबल टाय मारून बांधला, अजून घट्ट आहे. बाकीच्या दोन वेळा काका मागून "सवकास, सवकास" म्हणत राहिले आणि लॉक वाचले.

पहिली कॉइल कोरडी आली, तिसरी कोरडी. मधली जरा फिरवून वर ओढली तर तिचं लांब रबर तेलानं निथळत बाहेर आलं. होलात उजेड पाडला. तळाशी प्लग दिसायला हवा होता, तिथं तपकिरी तेल चकाकत होतं.

आता एक गणित समजून घेण्यासारखं आहे. कॉइल बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत नेते. हा दाब प्लगच्या मधल्या काडीतून खाली उतरतो आणि टोकाशी, एक मिलिमीटरच्या फटीत, उडी मारून ठिणगी होतो. इंजिन नुसतं चालू ठेवलं, मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, तरी एका प्लगला मिनिटाला ४०० वेळा हे करावं लागतं. घाटात ३००० फेऱ्यांवर दीड हजार वेळा. विजेला सोपी वाट हवी असते. रबर आणि प्लगची चिनी माती यांच्यामध्ये तेल आणि घाण शिरली की तिला बाहेरून खाली उतरायची वाट मिळते, आतल्या फटीत उडी मारायची गरजच राहत नाही. सपाट रस्त्यावर इंजिनावर ताण नसतो, तेव्हा काम निभावतं. चढावर सिलिंडरात दाब वाढतो, फटीतली उडी अवघड होते आणि वीज बाहेरची वाट धरते. घाटाच्या तिसऱ्या वळणावरच गाडी का अडखळली, याचं उत्तर त्या तेलात होतं.

तरी मी लगेच प्लगला हात लावला नाही. होलात तेल असताना प्लग सोडला की सगळं तेल, आणि त्याच्याबरोबरची माती, सिलिंडरात उतरते. तेल जळून धूर होईल, पण मातीचा कण सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडा काढतो आणि तो कायमचा. जनावरांना औषध पाजायच्या मोठ्या सिरिंजला पातळ नळी लावून तेल ओढून घेतलं. साधारण दोन चमचे निघालं. मग हिराला चिंधी गुंडाळून, चिंधी कोरडी येईपर्यंत टिपत राहिलो. सात चिंध्या लागल्या. शेवटी डोळ्यांवर चष्मा लावून सायकलच्या पंपानं हवा मारली, तिन्ही होलांत.

काकांचं पुढचं सांगणं मला फार मोलाचं वाटतं. ते म्हणाले, "आता मधली कॉइल पुसून तिसऱ्यावर टाक, तिसरी मध्यावर. गाडी चालू कर. कोड तिसऱ्याचा आला तर कॉइल गेली. दुसऱ्याचाच राहिला तर कॉइल निर्दोष." एक रुपया खर्च न करता होणारी ही परीक्षा. बॅटरी जोडली, या वेळी लाल आधी आणि काळी नंतर, आणि सेल्फ मारला. तोच लंगडा ताल. रेस दिली, दिवा लागला, भाच्यानं मोबाइल बघितला: पी०३०२. दोष कॉइलबरोबर सरकला नाही, दुसऱ्या सिलिंडरातच राहिला. तिन्ही कॉइलचे साडेचार हजारांहून जास्त तिथंच वाचले. प्लग बदलूनही हे राहिलं असतं तर मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन बघावं लागलं असतं, पण आधी प्लग.

इंजिन या परीक्षेत तापलं होतं, म्हणून थांबलो. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि प्लगची बॉडी लोखंडाची. दोन्ही गरम असताना प्लग फिरवला तर हेडचे आटे त्याच्याबरोबर निघून येतात, आणि एकदा आटे गेले की हेड उतरवण्यापर्यंत पाळी जाते. दोन-अडीच तास हात लावायचा नाही असं ठरलं. बाहेर पाऊस पुन्हा लागला. श्रावणातलं शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण झालं, काका त्यांच्या घरी आडवे झाले. पलीकडच्या घरात मुलं घुमटावर, म्हणजे मातीच्या चर्मवाद्यावर, आरतीचा सराव करत होती, ती ऐकत मी पडवीत बसलो. हेडला उलटा हात लावून तो थंड लागेपर्यंत पुन्हा पाना उचलला नाही.

वडिलांच्या पेटीत ८०० च्या प्लगचा २१ मिलिमीटरचा पाना होता. तो या अरुंद होलात जातच नाही, नव्या इंजिनांचे प्लग बारीक असतात. त्यासाठी पातळ भिंतीचा, आत रबर असलेला प्लग पाना आणि लांब एक्स्टेन्शन भाच्यानं आणलं होतं. ते रबर महत्त्वाचं, प्लग सुटला की तेच त्याला धरून वर आणतं. रॅचेट सरळ धरून दाब दिला. आधी काहीच हललं नाही, मग टक् असा एक आवाज, आणि पुढं हातानं फिरत गेला.

तिन्ही प्लग वर्तमानपत्रावर क्रमानं मांडले. पहिला आणि तिसरा यांची टोकं फिकट बदामी, कोरडी. म्हणजे त्या सिलिंडरांत पेट्रोल नीट जळतंय. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं तर काजळी स्वतःच जाळून टाकतं, आणि ८५०च्या पलीकडे गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवायला लागतं. तो बदामी रंग म्हणजे या दोहोंच्या मधे सगळं ठीक असल्याची खूण. दोघांच्याही चिनी मातीवर, लोखंडाच्या जरा वर, एक तपकिरी कडं होतं. मी ते आतून गळल्याचं समजलो होतो. काकांनी बोट फिरवून दाखवलं की सगळीकडून सारखं आहे. विजेच्या दाबामुळे हवेतली धूळ आणि तेलाची वाफ तिथं ओढली जाते, त्याचा डाग असतो तो, त्यानं काही बिघडत नाही.

मधला प्लग वेगळा होता. टोक काळं आणि ओलसर, पेट्रोलचा वास येणारं. ठिणगीच नव्हती तर पेट्रोल जळणार कुठून. पण मी बघत राहिलो ते वरच्या पांढऱ्या भागाकडे. तिथं वरपासून खाली लोखंडापर्यंत एक रेघ गेली होती, शिसपेन्सिलीनं हात न उचलता ओढावी तशी, केसाएवढी बारीक, मध्ये एका ठिकाणी जराशी वाकडी. फडक्यानं पुसली, गेली नाही. नखानं खरवडली, गेली नाही. वीज याच वाटेनं उतरत होती आणि उतरताना चिनी माती जाळत गेली होती. एकदा ही रेघ पडली की तेल कितीही पुसा, वीज तीच वाट धरते. सकाळी होल कोरडा करूनही ताल लंगडाच राहिला त्याचं कारण हे. भाचा किती तरी वेळ तो प्लग उजेडाला धरून फिरवत होता. नंतर मी कॉइलचं रबर उलटं करून आत बघितलं. ते तेलानं थोडं मऊ पडलं होतं, पण त्यात चीर किंवा रेघ नव्हती.

नवे प्लग शनिवारीच डिचोलीहून आणून ठेवले होते, मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचेच. प्लगच्या नंबरात एक आकडा त्याच्या उष्णतेचा असतो, आणि कंपन्यांच्या पद्धती उलटसुलट आहेत: एनजीकेच्या नंबरात मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशच्या नंबरात मोठा आकडा म्हणजे गरम. दुकानात "हाच चालतो" म्हणून दुसऱ्या कंपनीचा सारख्या आकड्याचा प्लग घेतला तर चूक होते. तिन्ही साधे निकेलचे घेतले. ते तीस-चाळीस हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे त्याच्या दुपटीहून जास्त, पण किंमतही तशी. फिलर गेजनं ठिणगीच्या फटीचा गॅप बघितला. नव्यांचा एक मिलिमीटर, जुन्यांचा झिजून १.३ झाला होता. हातातून सिमेंटवर पडलेला नवा प्लग वापरायचा नाही, डोळ्यांना न दिसणारा तडा जातो, हे काकांनी तीनदा बजावलं.

बसवताना रॅचेट लावलंच नाही. स्कूटरच्या पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा घेतला, प्लगच्या वरच्या टोकात अडकवला आणि दोन बोटांत धरून होलात सोडला. पाइप फिरवत राहायचं. प्लग वाकडा लागला असेल तर पाइप बोटांत घसरतो, जोर लागतच नाही, त्यामुळे आटे खराब होत नाहीत. पाना लावला असता तर वाकडा प्लगही आत गेला असता, आटे कापत. आधी उलटा फिरवून आटा बसल्याची बारीक टिचकी बोटांना जाणवली, मग सुलटा. पहिला सहज गेला. मधला दोनदा घसरला, दोन्ही वेळा बाहेर काढून पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा तळापर्यंत गेला. हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं, खोक्यावर छापलंय तेवढंच, साधारण अर्धी फेरी. त्यात प्लगचं वायसर दबतं आणि बसतं. त्याच्यापुढे ताकद दाखवायची नाही. आट्यांना तेल-ग्रीसही लावलं नाही. लावलं की प्लग निसटता फिरतो आणि हाताला अंदाज न येता जास्त आवळला जातो. कॉइलच्या रबरात मात्र आतून सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं, म्हणजे ओल शिरत नाही आणि पुढच्या वेळी रबर चिकटून फाटत नाही.

कॉइल आपापल्या जागी, कप्लर, पाइप, बॅटरी. सेल्फ मारला. सिलिंडरात साचलेलं जळेपर्यंत दोन-तीन सेकंद गाडी खोकली, मग ताल लागला. तीन ठोके, सरळ, मध्ये रिकामी जागा नाही. मी बॉनेटवर तळवा ठेवला, थरथर गेली होती. काका काही बोलले नाहीत. त्यांनी बॉनेटवर दोन बोटांनी ठेका धरला आणि मान हलवली. पलीकडे मुलांचं घुमट अजून चालू होतं.

कोड पुसला आणि संध्याकाळी मी आणि भाचा केरीला जाऊन घाट चढलो, परवा वळवली होती त्या जागेच्या पुढं चार वळणं. दुसऱ्या गिअरला भरपूर रेस देऊन बघितली. दिवा लागला नाही. धुक्यात पाच मिनिटं थांबून खाली आलो.

पण काम संपलं नव्हतं. तेल ज्या पॅकिंगमधून आलं ते तसंच होतं, आणि नवा प्लग पुन्हा त्याच तेलात बुडणार होता. मी असं समजतो की नुसते प्लग बदलून पैसे घेणाऱ्यानं अर्धंच काम केलेलं असतं. चवथीआधी तेवढा वेळ नव्हता, म्हणून रोज सकाळी मधली कॉइल उचलून होल टिपत राहिलो. रोज चिंधीवर थोडं तेल यायचं. तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या, दिवशी गणपती याच गाडीतून आणला. आई पुढच्या सीटवर मूर्ती मांडीवर घेऊन बसली होती आणि साखळीच्या चढावर तिचं सगळं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं.

विसर्जनानंतरच्या रविवारी काकांबरोबर टॅपेट कव्हर उतरवलं. जुनं पॅकिंग हातात घेतलं तर रबर राहिलंच नव्हतं, वाकवल्याबरोबर कडकन मोडलं. प्लगच्या होलाभोवतीच्या गोल रिंगा तशाच. कव्हरची आणि हेडची कड प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडली, लोखंडी नाही, ॲल्युमिनियमवर खाच पडली की तिथूनच गळतं. नवं पॅकिंग खोबणीत बसवलं, चेनचं कव्हर आणि हेड जिथं भेटतात त्या दोन कोपऱ्यांवर गमचा थेंब लावला, आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळले. गम सुकेपर्यंत रात्रभर गाडी तशीच ठेवली.

दिवाळीच्या आधी पुन्हा मधली कॉइल काढली. हिराला पांढरा टिश्यू गुंडाळून होलाच्या तळापर्यंत नेला, एक फेरी फिरवला आणि वर काढला. टिश्यूला थोडी लाल धूळ लागली होती. तेल नव्हतं.